जॉब बदलला, की सेटिंग बदला : यंत्रहस्ताला ‘वेगळेपण’ शिकवण्याचा इतिहास

आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या २०२५ च्या वार्षिक अहवालात भारताविषयी एक लक्षवेधी आकडा आहे. २०२४ या एका वर्षात देशात सुमारे ९,१०० औद्योगिक रोबोट नव्याने बसवले गेले. आदल्या वर्षापेक्षा ही संख्या सुमारे ७ टक्क्यांनी अधिक आहे आणि नव्या रोबोटांच्या वार्षिक क्रमवारीत भारत जगात सहाव्या स्थानी पोहोचला आहे. त्याच वर्षी जगभरात सुमारे ५ लाख ४२ हजार रोबोट कामाला लागले. त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये.

या आकड्यांच्या शेजारी आणखी एक आकडा आहे. भारतातील या नव्या रोबोटांपैकी सुमारे ४५ टक्के वाहन उद्योगात गेले. हे असे का, याचे उत्तर अर्थशास्त्रात जितके आहे तितकेच संगणकीय आज्ञावलीच्या इतिहासात आहे. मोटारीच्या कारखान्यात एकच भाग लाखोंच्या संख्येने येतो. रोबोटाला एकदा शिकवले, की ते शिकणे वर्षानुवर्षे पुरते. याउलट भोसरी, राजकोट, कोइम्बतूर किंवा लुधियाना येथील लहान कारखान्यात सकाळी एका आकाराचे दोनशे नग, दुपारी दुसऱ्या आकाराचे पन्नास आणि संध्याकाळी तिसऱ्याच गिऱ्हाइकाचे तीस, असा दिवस जातो. तिथल्या बोलीत यंत्रावर चढणाऱ्या वस्तूला ‘जॉब’ म्हणतात, एका खेपेला ‘लॉट’ म्हणतात आणि जॉब बदलला की यंत्र नव्याने जुळवणाऱ्या कुशल माणसाला ‘सेटर’. या जगात रोबोटाची खरी परीक्षा वेगाची वा ताकदीची नसते. पुढचा जॉब वेगळा आला तर काय करायचे, हे त्याला कोणी, किती वेळात आणि किती खर्चात सांगायचे, ही ती परीक्षा होय.

या एका प्रश्नाला गेल्या सत्तर वर्षांत निरनिराळी उत्तरे मिळाली. प्रत्येक उत्तराने वेगळेपणाचे ज्ञान एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवले.

मागावरची नक्षी

यंत्र तेच ठेवून काम बदलण्याची कल्पना रोबोटाहून पुष्कळ जुनी आहे. बनारसच्या विणकामात ‘नक्षा’ नावाची वस्तू होती. नक्षाबंद हा कारागीर वस्त्रावरची वेलबुट्टी दोऱ्यांच्या जाळीत बांधून देत असे. ती जाळी मागाला जोडली की कोणते ताणे केव्हा उचलायचे हे ठरून जाई. माग तोच, विणकर तोच. नक्षा बदलला की वस्त्र बदले. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ च्या सुमारास हेच काम छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांकडे सोपवले. यंत्राचा सांगाडा एकीकडे आणि त्याने काय करावे याची नोंद दुसरीकडे, ही फारकत येथे स्पष्ट झाली.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे बहुतेक स्वयंचलित कारखाने मात्र या फारकतीपासून दूर होते. त्यांची यंत्रे ‘कॅम’ या विशिष्ट आकाराच्या फिरत्या चकतीवर चालत. चकतीच्या कडेचा चढ-उतार हीच यंत्राची आज्ञावली. ती पोलादात कोरलेली असल्याने उत्पादन बदलले की चकत्या नव्याने घडवाव्या लागत. कित्येकदा अख्खे यंत्रच भंगारात जाई.

ड्रमवरची आठवण

जॉर्ज डेव्हॉल या अमेरिकन संशोधकाने १९४६ मध्येच यंत्रांच्या नियंत्रणासाठी चुंबकीय नोंदीचा उपयोग करण्याची कल्पना मांडली होती. १० डिसेंबर १९५४ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्याचे शीर्षक साधे होते : वस्तूंचे आज्ञावलीनुसार स्थलांतर. एका जागेवरून वस्तू उचलायची आणि दुसऱ्या जागी ठेवायची, एवढेच काम. पण ते कसे करायचे याची नोंद पुसून पुन्हा लिहिता येईल. जून १९६१ मध्ये हे पेटंट मंजूर झाले. तोवर डेव्हॉलची गाठ जोसेफ एंगेलबर्गर या अभियंत्याशी पडली होती आणि दोघांच्या प्रयत्नांतून ‘युनिमेट’ हा यंत्रहस्त तयार झाला होता. १९६१ मध्ये न्यू जर्सीतील ट्रेंटनजवळच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात तो कामाला लागला. साच्यातून निघालेले धातूचे तापलेले भाग उचलणे, हे माणसाला धोक्याचे असलेले काम त्याच्याकडे आले.

युनिमेटची स्मृती चुंबकीय ड्रमवर असे. शिकवणारा माणूस बटणांच्या साहाय्याने हात हव्या त्या स्थितीत आणी आणि नोंदीचे बटण दाबी. मग पुढची स्थिती, पुन्हा नोंद. नंतर यंत्र त्याच स्थिती त्याच क्रमाने पुन्हापुन्हा घेत राही. कॅमच्या तुलनेत ही क्रांतीच होती. नवा जॉब आला तर पोलाद कापायचे नव्हते. फक्त पुन्हा शिकवायचे होते.

परंतु ड्रमवर नेमके काय लिहिले जात होते, हे पाहिले म्हणजे या उत्तराची मर्यादा कळते. तिथे ‘भाग उचल’ असे काही नव्हते. तिथे फक्त प्रत्येक सांध्याची स्थिती होती : खांदा इतका वळलेला, हात इतका लांबलेला, मनगट इतके फिरलेले. वस्तू बोटभर बाजूला सरकली असती, तरी यंत्राला त्याचा पत्ता नव्हता; ते रिकाम्या हवेत बोटे मिटून तितक्याच निष्ठेने पुढे गेले असते. वस्तू नेमक्या जागी यावी यासाठी तिला धरून ठेवणारे फिक्श्चर लागे, आणि वेगळेपणाचे सगळे ओझे त्या फिक्श्चरवर व ते बनवणाऱ्या माणसावर पडे. दहा प्रकारचे जॉब म्हणजे दहा वेळा शिकवणी आणि दहा फिक्श्चर.

याच दशकात नॉर्वेतील ब्रिन गावच्या ट्राल्फा या कारखान्यात शिकवण्याची दुसरी एक पद्धत जन्मली. हा कारखाना हातगाड्या बनवीत असे आणि रंगाच्या फवाऱ्यात उभे राहायला माणसे मिळत नव्हती. ओले मोलॉग या अभियंत्याने १९६७ च्या सुमारास रंगकामाचा यंत्रहस्त तयार केला. त्याला शिकवण्यासाठी अनुभवी रंगारी तो हातच धरून एकदा प्रत्यक्ष रंग देई. त्याच्या मनगटाचा झोका, कोपऱ्याशी घेतलेला किंचित विसावा, सगळे जसेच्या तसे नोंदले जाई आणि यंत्र ते अखंड गिरवत राही. कुशल माणसाचे हस्तकौशल्य त्याच्यापासून वेगळे करून साठवता येते, हे येथे प्रथमच इतक्या ढळढळीतपणे दिसले. त्या साठवणीवर मालकी कोणाची, हा प्रश्न तेव्हा फारसा विचारला गेला नाही.

स्थानाला नाव मिळाले

पुढचे पाऊल गणिताने टाकले. १९५५ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जाक देनाव्हित आणि रिचर्ड हार्टेनबर्ग यांनी जोडलेल्या दांड्यांची परस्परस्थिती मोजक्या चार राशींत मांडण्याची पद्धत दिली होती. सांध्यांचे कोन कळले की बोटे अवकाशात कोठे आहेत हे त्यावरून काढता येते. उलट दिशेचे गणित अधिक अवघड : बोटे अमुक ठिकाणी हवी असतील तर सांधे कसे वळवायचे? स्टॅनफर्ड विद्यापीठात व्हिक्टर शाइनमन याने १९६९ मध्ये घडवलेल्या विजेवर चालणाऱ्या हाताची रचनाच अशी होती, की हे उलटे गणित संगणकाला सोडवता यावे.

याच हातासाठी रिचर्ड पॉल याने सत्तरच्या दशकाच्या आरंभी ‘वेव्ह’ ही भाषा रचली. त्यापाठोपाठ १९७४ मध्ये ‘एएल’ ही भाषा आली. १९७९ मध्ये युनिमेशन कंपनीने ‘व्हॅल’ ही भाषा बाजारात आणली आणि ती ‘प्यूमा’ या लहान, चपळ रोबोटाबरोबर प्रयोगशाळांत व कारखान्यांत पोहोचली.

या भाषांनी घडवलेला बदल मूलगामी होता. आज्ञावलीत आता सांध्यांचे कोन नव्हते. स्थानांना नावे होती. ‘भागाच्या ५० मिलिमीटर वर ये, खाली उतर, पकड, वर जा’ अशा अर्थाच्या ओळी लिहिता येऊ लागल्या. ‘भाग’ या नावामागची किंमत मात्र निराळ्या ठिकाणी साठवलेली असे. शिवाय एक स्थान दुसऱ्याच्या संदर्भात सांगता येऊ लागले. भोक भागाच्या संदर्भात, भाग तबकाच्या संदर्भात, तबक टेबलाच्या संदर्भात. तबक हलले तर तबकाची एकच चौकट पुन्हा मोजायची. तिच्यावरची शंभर स्थाने आपोआप सरकतात. कृती एक आणि तिचे तपशील अनेक, हे यंत्राला प्रथमच सांगता आले.

१९७३ मध्ये रॉबर्ट बोल्स आणि रिचर्ड पॉल यांनी जुन्या फोर्ड मॉडेल टी मोटारीच्या पाण्याच्या पंपाची जुळणी स्टॅनफर्डच्या हाताकडून करवून घेतली. तिथे कॅमेरा आणि स्पर्श या दोहोंचा आधार घेतला होता. भाग थोडा इकडेतिकडे असला तरी हात चाचपून मार्ग काढू शके.

ढिगाऱ्यातून निवड

वेगवेगळ्या प्रकारच्या भागांचा प्रश्न सर्वांत सरळ अंगावर घेतला तो एडिंबरा विद्यापीठाने. डोनाल्ड मिची यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या तिथल्या गटात पॅट ॲम्बलर, हॅरी बॅरो, रॉड बर्स्टल, रॉबिन पॉपलस्टोन आदी संशोधक होते. त्यांचा रोबोट ‘फ्रेडी’. १९७३ मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीने जे केले ते आजही विचार करायला लावते. लाकडी खेळण्याचे सुटे भाग, म्हणजे गाडीचा सांगाडा, चाके, आस, एकत्र ओतून टेबलावर ढीग केला जाई. कॅमेरा तो ढीग पाही. एखादा भाग ओळखता आला तर हात तो उचलून बाजूला ठेवी. काहीच ओळखता आले नाही तर ढिगात हात घालून तो विस्कटी आणि पुन्हा पाही. सगळे भाग हाती आले की जुळणी सुरू होई. प्रत्येक भाग निरनिराळ्या बाजूंनी कॅमेऱ्याला दाखवून फ्रेडीला आधी ओळख करून दिली जाई. गाडीऐवजी होडी जुळवायची असेल तर यंत्र न बदलता नव्या भागांची ओळख आणि नवी जुळणी शिकवायची, एवढे पुरे होते.

दुर्दैव असे, की त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सर जेम्स लाइटहिल यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाने दिलेली आश्वासने पुरी झालेली नाहीत, असा त्याचा सूर होता आणि रोबोटांवरील कामावर त्यात विशेष टीका होती. पाठोपाठ निधी आटला. फ्रेडी आज एडिंबरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

कारखान्यात हा विचार वेगळ्या वाटेने शिरला. फाउंड्रीतून निघालेला ओतीव भाग करडा, पट्टाही करडा आणि वर धूळ. अशा ठिकाणी त्या काळच्या कॅमेऱ्याला वस्तूची कड दिसणे कठीण. जनरल मोटर्सच्या संशोधकांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘कॉनसाइट’ नावाची युक्ती काढली. पट्ट्यावर आडवी प्रकाशाची एक बारीक रेघ टाकायची. पट्टा रिकामा असेल तर रेघ सरळ दिसते. वस्तू खालून गेली की तिच्या उंचीमुळे तेवढी रेघ सरकते. सरकलेला भाग टिपत गेले की वस्तूची बाह्याकृती मिळते, मग रंग कोणताही असो. कॅनडातील सेंट कॅथरिन्स येथील फाउंड्रीत ही यंत्रणा ऐंशीच्या दशकाच्या आरंभी बसली आणि चालत्या पट्ट्यावरून येणारे सहा प्रकारांपर्यंतचे ओतीव भाग ओळखून वेगळे करण्याचे काम तिच्यावरून रोबोट करू लागले. वेगळेपणाची ओळख आता माणसाने सांगायची नव्हती. निदान सहा प्रकारांपुरती ती यंत्र स्वतः करत होते.

तक्ता आणि तारा

असे असूनही पुढची तीस-चाळीस वर्षे बहुसंख्य कारखाने ज्या पद्धतीवर स्थिरावले ती कॅमेऱ्याहून साधी होती आणि आजही भारतातील असंख्य कारखान्यांत तीच चालते. समजा, एका लेथवर तीन मापांच्या फ्लँजा घालायच्या आणि काढायच्या आहेत. रोबोटाची मुख्य आज्ञावली एकच असते : तबकातून उचल, चकमध्ये घाल, मागे हो, थांब, काढ, दुसऱ्या तबकात ठेव. त्याखाली प्रत्येक मापाचा एक तक्ता असतो. व्यास किती, जाडी किती, वजन किती, बोटे किती उघडायची, किती दाबाने धरायचे, तबकात ओळी व रांगा किती आणि दोन नगांतील अंतर किती. जॉब बदलला की नियंत्रक पॅनेल रोबोटाला एक क्रमांक पाठवते आणि रोबोट त्या क्रमांकाचा तक्ता उघडतो. जुन्या पद्धतीत हा क्रमांक तारांच्या जोडणीतून येई : चार तारा, प्रत्येकीवर वीज आहे किंवा नाही, म्हणजे सोळा शक्यता; पाच तारा असतील तर बत्तीस.

यात दोन गोष्टी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. पहिली, हालचाल आणि माहिती यांची फारकत. ज्याने प्रत्येक मापासाठी निराळी आज्ञावली लिहिली, त्याला पुढे एक सुधारणा करायची तर ती वीस ठिकाणी करावी लागते आणि एकोणिसाव्या ठिकाणी विसर पडतो. ज्याने हालचाल एकदाच लिहून मापे तक्त्यात ठेवली, त्याला नवे माप म्हणजे तक्त्यात एक नवी ओळ. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तक्त्यावर चालणारा रोबोट आंधळाच असतो. क्रमांक दोनचा, पण तबकात माल तीनचा, असे झाले तर तो मोठ्या भागावर लहान भागाच्या उंचीने उतरतो आणि धडकतो. म्हणून सुज्ञ अभियंते तबकाच्या तळाशी प्रकारानुसार खिळे व सेन्सर बसवतात, नगावरचा बारकोड वाचवतात किंवा पहिला नग उचलल्यावर बोटे किती मिटली हे तपासून माप पडताळतात. जॉबच्या अदलाबदलीतील निम्मे शहाणपण उचलण्यात नसून उचलण्यापूर्वी शंका घेण्यात असते.

हे तक्ते भरणारा, पहिला नग हळू वेगाने चालवून पाहणारा, बोटांचे जबडे घासून बसवणारा माणूस म्हणजे पुन्हा सेटरच. रोबोट आला म्हणून तो गेला नाही. त्याचे काम पान्यावरून पडद्यावर आले.

भारतातील वाट

भारतात दूरस्थ हाताळणीची गरज प्रथम तीव्रतेने भासली ती अणुऊर्जेच्या क्षेत्रात. किरणोत्सारी पदार्थ हाताने धरता येत नाहीत. त्यामुळे तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात जाड भिंतीपलीकडून चालवायच्या यंत्रहस्तांवर दीर्घकाळ काम झाले. बेंगळुरूत १९८६ मध्ये संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने कृत्रिम बुद्धिमत्ता व रोबोटिक्स केंद्र स्थापन केले. तिकडे अमेरिकेत, आंध्र प्रदेशातून गेलेले राज रेड्डी १९७९ पासून कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या रोबोटिक्स संस्थेचे संस्थापक संचालक होते.

भाभा केंद्राच्या प्रश्नातूनच पुढे आयआयटी दिल्लीत एक महत्त्वाचे संशोधन घडले. अणुइंधनाच्या लहान दंडगोलाकार गोळ्या पेटीत अस्ताव्यस्त पडलेल्या असताना एकेक उचलायची कशी? सगळ्या सारख्या, पृष्ठभागावर कसलीही खूण नाही, एकमेकींवर कलंडलेल्या; नुसत्या छायाचित्रावरून एक कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते हे कळत नाही. सुबीर कुमार साहा, संतनू चौधुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरा व लेसर मापन यांची सांगड घालून प्रत्येक गोळीची स्थिती व कल ठरवण्याची पद्धत विकसित केली आणि २०१६ मध्ये ती आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडली. येथे प्रकार एकच; पण पडण्याच्या तऱ्हा अगणित. ‘वेगळा भाग’ आणि ‘वेगळा पडलेला भाग’ हे यंत्राच्या दृष्टीने सख्खे भाऊ आहेत, हे या कामातून चांगले उमगते.

उद्योगक्षेत्रात चाकणच्या बजाज ऑटोने २०१० पासून डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्स कंपनीचे ‘सहयोगी’ रोबोट वापरायला सुरुवात केली. माणसाशेजारी उभे राहून काम करणारा, हाताने धरून शिकवता येणारा आणि एका जागेवरून दुसरीकडे हलवता येणारा हा रोबोट, वारंवार बदलत्या मॉडेलांच्या जुळणीला सोयीचा होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात टाटा समूहातील पुण्याच्या टाल कंपनीने ‘ब्राबो’ हा देशी बनावटीचा रोबोट दाखवला. २ आणि १० किलो भार उचलणाऱ्या दोन आवृत्त्या, किंमत ५ ते ७ लाखांच्या घरात; रोख उघडपणे लघु व मध्यम उद्योगांकडे होता.

मात्र हाताची किंमत हा खर्चाचा एकच हिस्सा असतो. बोटे, फिक्श्चर, कुंपण, सेन्सर, आज्ञावली आणि प्रत्येक नव्या जॉबसाठी लागणारा अभियंत्याचा वेळ, हे धरले की एकूण खर्च रोबोटाच्या किमतीपेक्षा अनेकदा मोठा होतो. लाख नगांवर तो पसरवता येतो. तीस नगांवर नाही. लहान कारखान्याच्या दारात रोबोट अडतो तो येथे.

आज्ञेऐवजी उदाहरण

हा अडथळा मुळातून काढण्याची आशा गेल्या वीस वर्षांत यंत्रशिक्षणाने निर्माण केली. तिच्या आरंभीच्या पानांवर भारतीय नावे ठळक आहेत. आयआयटी कानपूरमधून स्टॅनफर्डला गेलेल्या आशुतोष सक्सेना याने अँड्र्यू एनजी यांच्याबरोबर २००६ मध्ये, पूर्वी कधी न पाहिलेली वस्तू कोठे पकडावी हे छायाचित्रावरून ओळखणारी पद्धत मांडली. वस्तूचा तक्ता नाही, नमुना नाही. कपाचा कान किंवा पट्टीची कड यांसारख्या पकडण्याजोग्या जागा संगणकाने बनवलेल्या चित्रांवरून यंत्र शिकले होते. पुढे कार्नेगी मेलनमध्ये लेरेल पिंटो आणि अभिनव गुप्ता यांनी रोबोटालाच सराव करू दिला. सुमारे ७०० तास, ५० हजार प्रयत्न. पकड बसली की सुटली, हाच गुरू. २०१६ मध्ये गूगलच्या संशोधकांनी १४ पर्यंत यंत्रहस्त एकत्र लावून सुमारे ८ लाख प्रयत्नांचा अनुभव गोळा केला.

बेंगळुरूत २०१९ मध्ये गोकुळ एन. ए. आणि निखिल रामस्वामी यांनी स्थापन केलेली ‘सिनलर’ ही कंपनी याच प्रश्नावर काम करते : अनोळखी वस्तू पाहून, हाताळून, योग्य दिशेने वळवून ठेवणारा रोबोट, म्हणजे ज्याला जॉब बदलल्यावर नव्याने बसवावे लागणार नाही. सरकारी पातळीवर २०१८ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय अभियानातून आयआयटी दिल्ली व भारतीय विज्ञान संस्था येथे रोबोटिक्सची केंद्रे उभी राहिली. सप्टेंबर २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने राष्ट्रीय रोबोटिक्स धोरणाचा मसुदा जाहीर केला आणि २०३० पर्यंत या क्षेत्रात जागतिक आघाडी घेण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले.

हात कोणाचा

शिकणाऱ्या यंत्राला उदाहरणे लागतात आणि उदाहरणे देणारा पुन्हा माणूसच असतो. २०२५ मध्ये तमिळनाडूतील करूर या वस्त्रोद्योगाच्या शहरातून आलेली बातमी या इतिहासाच्या संदर्भात वाचायला हवी. तिथे तरुण कर्मचारी कपाळावर कॅमेरा बांधून टेबलापाशी उभे राहतात आणि टॉवेलच्या घड्या घालतात; एकदा नव्हे, शेकडो वेळा. बोटे कोठे गेली, कापड कोणत्या क्षणी धरले, केव्हा सोडले, हे सारे चित्रित होऊन, तपासले जाऊन परदेशी कंपन्यांच्या रोबोटांचे शिक्षण बनते. टॉवेल ही वस्तूच अशी, की ती प्रत्येक वेळी वेगळी पडते. तिचा तक्ता भरता येत नाही, म्हणून माणसाची सवयच नोंदवावी लागते.

ब्रिनच्या रंगाऱ्याने यंत्राचा हात धरून एकदा रंग दिला, तेव्हा त्याच्या कौशल्याची नोंद त्याच्याच कारखान्यात राहिली. निदान ती कोणाची हे शेजाऱ्याला ठाऊक होते. करूरच्या मुलीने घातलेली घडी कोणत्या देशातील कोणत्या यंत्राच्या बोटांत उतरेल, हे तिला कळण्याचा मार्ग नाही. तिला त्या दिवसाची मजुरी मिळते. घडी मात्र यंत्रात कायमची राहते.

नक्षा, ड्रम, फिक्श्चर, चौकट, तक्ता, प्रकाशरेघ आणि आता लक्षावधी चित्रफिती. वेगळेपणाचे ज्ञान साठवण्याच्या जागा बदलत गेल्या. पण ज्ञान आले ते प्रत्येक वेळी जॉब हातात घेऊन पाहणाऱ्या माणसाकडूनच. भारताकडे अशी माणसे विपुल आहेत. लहान लॉट, रोजची अदलाबदल, तुटपुंज्या साधनांत जुळवून घेणे, ही आपल्या कारखान्यांची अडचण मानली गेली. शिकणाऱ्या यंत्रांच्या काळात हाच सर्वांत दुर्मिळ कच्चा माल ठरू शकतो. कापसाच्या बाबतीत कच्चा माल पाठवून पक्का माल विकत घेण्याचा अनुभव या देशाने घेतलेला आहे.

म्हणून पुढच्या वर्षी महासंघाचा नवा आकडा येईल आणि भारताचे स्थान एखाद्या पायरीने वर सरकेल, तेव्हा त्या संख्येबरोबर आणखी तीन गोष्टी विचारल्या जाव्यात. जॉब बदलल्यावर हे रोबोट किती वेळात पुन्हा कामाला लागतात? ते बदलू शकणारे सेटर औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून किती तयार होत आहेत? आणि ज्यांच्या हातांवरून यंत्रे शिकत आहेत, त्यांचा त्या शिकण्यात वाटा किती आहे? धोरणाच्या मसुद्यावर अंतिम मोहोर उमटण्यापूर्वी या तिन्ही उत्तरांसाठी त्यात जागा करता येईल.